अपडेटनंतरही टिकलेली ओळ

आईच्या पाककृती वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर, टाकायला घेतल्या. थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, देखणी होती, पण इंग्रजीसाठी बेतलेली. ओळी इतक्या चिकटलेल्या, की ‘कोथिंबीर’ची वेलांटी वरच्या ओळीतल्या उकाराला भिडायची. मी थेट थीमच्याच स्टाइल डॉट सीएसएस फाइलमध्ये (पानाचं दिसणं ठरवणाऱ्या सूचना तिच्यात असतात) ओळींची उंची १.८ केली. पान मोकळं झालं. पंधरा दिवसांनी थीमचं अपडेट केलं आणि सगळं पुन्हा चिकटलं! अपडेट थीमचं अख्खं फोल्डरच बदलतं, आपली दुरुस्ती त्यासोबत जाते. फार वाईट वाटलं.

मग चाइल्ड थीम केली, म्हणजे मूळ थीमला हात न लावता आपले बदल वेगळे ठेवणारी जोडथीम. मूळ थीमच्या शेजारी नवं फोल्डर, त्यात नवी स्टाइल डॉट सीएसएस आणि ओळींची उंची आता तिच्यात. तिच्या डोक्यावरच्या कॉमेंटमध्ये, म्हणजे थीमच्या माहितीच्या टिपेत, ‘टेम्प्लेट’पुढे मूळ थीमच्या फोल्डरचं नाव अक्षरन् अक्षर तेच हवं. मी थीमचं दिसणारं नाव लिहिलं होतं, त्यात अर्धी संध्याकाळ गेली. मूळ थीम मात्र काढायची नाही. चाइल्ड तिच्यावरच उभी असते.

नुसती चार ओळींची सीएसएस असेल, तर एवढा खटाटोप नको. कस्टमायझरमधली (वर्डप्रेसच्या दिसण्याच्या सेटिंगमधली) ‘अ‍ॅडिशनल सीएसएस’ थीमच्या फोल्डरमध्ये नाही, तर डेटाबेसमध्ये राहते, अपडेटने पुसली जात नाही. मला पाककृतीच्या वर साहित्याची चौकटही हवी होती. त्यासाठी सिंगल डॉट पीएचपीची, म्हणजे एकेका लेखाच्या पानाची मांडणी ठरवणाऱ्या फाइलची, प्रत चाइल्डमध्ये ठेवून तीच बदलली. वर्डप्रेस आधी तीच उचलतं.

काल पुन्हा अपडेट आलं. आधी बॅकअप घेतला, मग बटण दाबलं. कोथिंबिरीची वेलांटी जागच्या जागी आहे.