आंबिल ओढ्याच्या काठाकाठानं: कात्रज ते मुठा

गेल्या रविवारी सकाळी सात वाजता मी आणि माझा मामेभाऊ कात्रजला उतरलो. आंबिल ओढा कात्रजपासून मुठेपर्यंत चालत बघायचा, जमेल तितकं काठानं जायचं आणि जिथे काठच उरला नाही तिथे गल्लीतून फिरून पुढच्या पुलावर त्याला परत गाठायचं, असं ठरवलं होतं. बरेच दिवस मनात होतं हे. पुण्यात इतकी वर्षं राहून या ओढ्यावरून शेकडो वेळा गाडीनं गेलेय, पण तो येतो कुठून जातो कुठे हे कधी नीट बघितलंच नव्हतं.

ओढ्याचं पाणी कात्रजच्या डोंगरातलं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात ते इथे बांध घालून अडवलं, तळं झालं, आणि तिथून दगडी नळ काढून पाणी पार शनिवारवाड्यापर्यंत नेलं. सगळं उतारावर, कुठे पंप नाही की मोटर नाही. वाटेत ठिकठिकाणी नळाला उच्छ्वास ठेवले, म्हणजे हवा बाहेर पडायला उभी बांधीव तोंडं, आणि शहरात हौद बांधले. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं आपण अजून पत्ता सांगताना वापरतो, पण त्या हौदांत डोंगरातलं पाणी यायचं हे डोक्यात येतच नाही!

तळं मागे टाकलं की धनकवडी, पद्मावती करत ओढा खाली येतो. कुठे दोन्ही बाजूंना काँक्रीटची भिंत, कुठे इमारतीच्या मागच्या बाजूला चिकटून, कुठे एकदम मोकळा आणि काठाला उंबर उभा. पद्मावतीजवळच्या एका छोट्या पुलावर एक मावशी भाजी लावत होत्या, त्यांना मी विचारलं, मावशी हा नाला पुढे कुठे निघतो? तर म्हणाल्या, "नाला न्हाई बाई, ओढा. आंबिल ओढा. आमी आलो तवा पोरं पोहायची ह्यात." नाव असं का म्हटल्यावर त्यांनी खाली बोट दाखवलं. रात्री पाऊस झाला होता, पाणी तांबूस करडं आणि दाट दिसत होतं, वर फेसाची साय, हुबेहूब नाचणीची आंबील ढवळून ठेवल्यासारखं. "बघा की, आनि काय म्हनायचं ह्याला?" मला हे इतकं पटलं की मी तिथेच पाच मिनिटं कठड्याला टेकून बघत बसले.

नाला आणि ओढा हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. देशावर ओढा, ओहोळ, कोकणात पऱ्या, व्हाळ, हे सगळे वाहत्या पाण्याचे शब्द आहेत. सांडपाणी सोडायला लागलो की आपण त्याला नाला म्हणायला लागतो आणि एकदा नाला म्हटलं की त्यात काहीही टाकायची मुभाच मिळते.

अरण्येश्वरपाशी भाऊ बराच वेळ गप्प होता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री इथे ओढा घराघरात घुसला होता, टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. त्याचा मित्र तिथेच राहायचा. एका घराच्या भिंतीवर त्यानं हात ठेवून दाखवला, पाणी इथवर होतं म्हणून. त्याच्या खांद्याच्या वर.

तिथून पर्वतीच्या पायथ्याशी आलो आणि इथली गोष्ट मला सगळ्यात आवडते. हा ओढा मुळात इथून शहरात शिरायचा, आजच्या बाजीराव रोडच्या आसपासच्या भागातून खाली मुठेला जायचा. जुनं कसबे पुणे म्हणजे उत्तरेला मुठा, पूर्वेला नागझरी आणि पश्चिमेला आंबिल ओढा, यांच्या मधलं गाव. पेशव्यांनी ओढा पर्वतीपाशी अडवून पश्चिमेकडे वळवला, तळं केलं, आणि त्या तळ्यातला गणपती म्हणजे आपला सारसबागेचा, म्हणून तर तो तळ्यातला गणपती. तळं गेलं, बाग झाली, नाव राहिलं.

नागझरीही मी मागच्या महिन्यात बघून आलेय. सोमवार पेठेत तिच्या काठाला नागेश्वर आहे आणि जवळच त्रिशुंड गणपती, तीन सोंडांचा, मोरावर बसलेला. त्या देवळाच्या दगडी दर्शनी भागावरचं कोरीवकाम बघायला तरी एकदा जाच. झरी म्हणजे लहानसा झरा, किती नाजूक शब्द आहे, आणि आज लोक तिलाही नागझरी नाला म्हणतात. रामनदीचं तेवढं बरं, भूगावकडून पाषाणच्या तळ्यात येऊन पुढे मुळेला मिळते आणि नावात अजून नदी टिकून आहे.

दुपारी एकच्या सुमाराला दांडेकर पूल ओलांडला आणि मुठेकडे निघालो. शेवटचा टप्पा सगळा वस्तीतून, दोनदा रस्ता चुकलो, एका पोरानं बोट धरून नेल्यासारखं नदीपर्यंत पोचवलं. धरणातून पाणी सोडलेलं नव्हतं त्यामुळे मुठा काळसर हिरवी, संथ. ओढ्याचं तांबूस पाणी तिच्यात शिरत होतं आणि लगेच मिसळत नव्हतं, काठाकाठानं त्याचा वेगळा पट्टा चालला होता. पोरगा म्हणाला, ताई ते बघा, आपला ओढा अजून दिसतोय.