खिळे भंगारात दिले नाहीत

आर्वीत बाबांनी छापखाना टाकला तेव्हाची कामं म्हणजे जिनिंगची बिलबुकं, अडत्यांच्या पावत्या, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि उन्हाळ्यात लग्नपत्रिका. लग्नसराईत 'सौ' आणि 'कां'चे खिळे, म्हणजे छपाईचे शिशाचे सुटे ठसे, कमी पडायचे. एक पत्रिका छापून, खिळे रॉकेलनं धुऊन परत घरात, म्हणजे केसीतल्या (खिळ्यांच्या पेटीतल्या) त्यांच्या कप्प्यात, टाकल्याशिवाय दुसरी जुळवता यायची नाही.

पुढे डीटीपी, म्हणजे संगणकावरची जुळणी, आणि खिळ्यांशिवायची ऑफसेट छपाई आली. मीही संगणक घेतला, घर त्यावरच चाललं. भंगारवाले शिशाचा भाव सांगत दारात यायचे. ओळखीच्या छापखान्यांनी खिळे किलोवर विकले. बाबांचे हात ज्या केसींवर फिरले, त्या रिकाम्या करणं माझ्यानं झालं नाही.

मग नागपूरहून डिझाइन शिकवणारे एक सर पत्रिका छापायला आले नि केसींपुढेच तासभर उभे राहिले. महिन्याभरात सहा विद्यार्थी घेऊन परत आले.

त्या पहिल्या तुकडीत एका मुलीनं जुळवलेलं पान धरणारी चौकट नीट आवळली नव्हती. उचलली आणि अख्खं पान फरशीवर! "काका, आता?" डोळ्यांत पाणी. म्हटलं, बस बेटा, वेचू. संध्याकाळपर्यंत वेचले आणि एकेक खिळा त्याच्या घरात टाकला. देवनागरीची घरं काही कमी नाहीत. काने, मात्रा, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं. पण दुसऱ्या दिवशी ती न बघता हात घालत होती. तेव्हापासून मी आधी खिळे घरात टाकायला शिकवतो, मग ओळ जुळवायची स्टिक हातात देतो. खिळ्याची खाच वर, अक्षर उलटं, ओळ डावीकडून उजवीकडे. खिळ्यांत शिसं असतं, म्हणून साबणानं हात धुतल्याशिवाय चहा नाही.

एका गोष्टीवर मात्र दर तुकडीशी वाद होतो. मुलांना कागदात खोल रुतलेलं अक्षर हवं असतं. बाबांच्या लेखी ती छपाईतली चूक होती: कागदाची मागची बाजू हाताला गुळगुळीत लागली पाहिजे, नाहीतर खिळे झिजतात. जाड कागदावर मी थोडा दाब वाढवू देतो, पण जुने खिळे लावून नाही. ते परत मिळायचे नाहीत.

मिळतात ते बंद छापखान्यांतून. मागच्या महिन्यात दर्यापूरकडून दोन पोती आणली. त्यात सुतळीनं बांधलेली एक जुळणी अजून शाबूत होती. 'आमचे येथे श्री कृपेकरून', खाली सगळा मजकूर, फक्त वधूवरांच्या नावांची जागा मोकळी. ती मी सोडवलेली नाही. पुढच्या तुकडीला आधी तीच दाखवणार आहे.