कागद नसलेल्या वस्तूंचं मोल : आमची वाटचाल

आमची सुरुवात झाली ती वाटण्या आणि विमा यांसाठी घरातल्या जुन्या वस्तूंची किंमत काढण्यापासून. फर्निचर, घड्याळं, तसबिरी असं सगळं असायचं. त्यात अधूनमधून चित्रपटात वापरलेली एखादी वस्तू यायची आणि तिथे आमची नेहमीची पद्धत अडायची. घड्याळाचं मोल घड्याळातच असतं. चित्रपटातल्या काठीचं मोल मात्र ती पडद्यावर कुणाच्या हातात होती यावर ठरतं, आणि तेच सांगणारा कागद बहुतेकांकडे नसतो. या प्रश्नाने आम्हाला इतकं धरून ठेवलं की पुढे बाकीची कामं कमी करून आम्ही हेच मुख्य काम केलं.

कागद नसण्यात नवल काहीच नाही. चित्रीकरण संपलं की सामान गोदामात जायचं, रंग बदलून दुसऱ्या चित्रपटात वापरलं जायचं, मोडीत निघायचं, नाहीतर सेटवरच्या कुणाच्या तरी घरी पोहोचायचं. त्याची पावती कोण करणार? म्हणून ‘कागद नाही, म्हणजे वस्तू खोटी’ असं आम्ही धरत नाही. उलट छापील खात्रीपत्र पाहूनही आम्ही हुरळत नाही. वस्तू कशावरून ओळखली हे त्यात लिहिलेलं नसेल, तर ते फक्त सही करणाऱ्याचं मत असतं.

कागद नसेल तर वस्तूलाच विचारावं लागतं. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ (१९३९) मधल्या लाल चपला आम्ही नव्या सहकाऱ्यांना आवर्जून शिकवतो. १९७० मध्ये हा चित्रपट बनवणाऱ्या एमजीएम कंपनीच्या लिलावात एक जोड १५ हजार डॉलरला गेला, तेव्हा तो एकमेव असल्याचा समज होता. नंतर आणखी जोड पुढे आले. त्यातला एक २००५ मध्ये मिनेसोटातल्या संग्रहालयातून चोरीला गेला आणि २०१८ मध्ये एफबीआयला सापडला. तो खरा की नक्कल, हे ठरवताना अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयातल्या जोडाशी तो ताडून पाहिला गेला. चपलेवरच्या ‘बो’मध्ये, म्हणजे शोभेच्या गाठीत, पारदर्शक काचेचे, वरून लाल रंग दिलेले मणी निघाले. स्मिथसोनियनच्या जोडातही तसेच मणी होते. शिवाय दोन्ही जोडांतल्या चपलांची अदलाबदल झालेली होती. इकडची एक तिकडच्या एकीची जुळी होती. डिसेंबर २०२४ मध्ये हा जोड २ कोटी ८० लाख डॉलरच्या बोलीला गेला. लिलावगृहाचं शुल्क धरून आकडा सव्वातीन कोटींपर्यंत गेला. बातमीतला आकडा घेऊन येणाऱ्यांना आम्ही आधी हा फरक समजावतो, कारण विकणाऱ्याच्या हाती फार तर बोलीइतकी रक्कम येते, आणि त्यातूनही बऱ्याचदा कमिशन कापलं जातं.

आमच्याकडे आलेली एक लाकडी काठी आठवते. सेटवर सुतारकाम केलेल्या माणसाच्या घरच्यांनी ती आणली होती, कागद काहीच नव्हता. मुठीच्या खाली एक गाठ आणि तिला वळसा घालून गेलेल्या लाकडाच्या रेषा होत्या. चित्रपटाच्या स्वच्छ प्रतीत काठी कॅमेऱ्याजवळ येते ती दृश्यं थांबवून आम्ही ताडून पाहिली. गाठ तीच, रेषांचं वळण तेच. लाकडाच्या रेषा नंतर कुणाला पाडता येत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना ओरखड्यांपेक्षा जास्त वजन देतो. ओरखडा चित्र पाहून मुद्दाम पाडता येतो. साच्यातून ओतलेल्या वस्तूत हवेचे बुडबुडे पाहावेत, कपड्यात टाके आणि कापडावरच्या नक्षीची शिवणीपाशी झालेली जुळणी पाहावी.

अतिनील (अल्ट्राव्हायोलेट) दिव्याखालच्या तपासणीबद्दल मात्र सबुरी हवी. १९३०च्या दशकातला म्हणून आलेला कपडा निळसर चमकला की लोक लगेच ‘बनावट’ म्हणतात, कारण तशी चमक देणारी रसायनं कापडात नंतरच्या काळात आली. पण ती चमक नंतरच्या धुलाईच्या साबणातूनही येते. शिवणीच्या आतला धागा चमकतो का, ते पाहिल्याशिवाय आम्ही निकाल देत नाही. म्हणून कळकळीची विनंती : वस्तू धुऊ नका, पॉलिश करू नका, आतली नावाची पट्टी उसवू नका. कित्येकदा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

किमतीचं म्हणाल तर पुरावा नसताना एकच आकडा देणं आम्हाला पटत नाही. अहवालात आम्ही तीन पायऱ्या मांडतो : निव्वळ जुनी, शोभेची वस्तू म्हणून; त्या चित्रपटासाठी बनवलेली, पण पडद्यावर दिसल्याचं सिद्ध न झालेली; आणि पडद्यावरच्या वस्तूशी जुळलेली. आज वस्तू कुठल्या पायरीवर आहे आणि वरच्या पायरीसाठी काय मिळवावं लागेल, हेही लिहून देतो. जवळून दिसण्यासाठी बनवलेली नीट वस्तू आणि मारामारीसाठी केलेली रबरी प्रत यांच्या किमतीत फार अंतर असतं, म्हणून तेही स्पष्ट नोंदवतो.

किमतीच्या टक्केवारीत शुल्क आम्ही घेत नाही, आणि तपासलेली वस्तू स्वतः विकतही घेत नाही. आकडा फुगला तर आमचा फायदा होईल, अशी जागाच ठेवायची नव्हती. यामुळे काही गिऱ्हाइकं गेली, पण विमा कंपन्या आणि वारसांचे वकील आमच्याकडे येऊ लागले ते याच नियमामुळे.

सध्या आमचा बराच वेळ निवृत्त कारागिरांकडे जातो. वेशभूषा, रंगकाम, सुतारकाम केलेली ही माणसं. वस्तू समोर ठेवून त्यांनी ती कशी बनवली, कुणाकडे दिली, किती प्रती केल्या हे सहीनिशी लिहून घेतो आणि सोबत चित्रणही ठेवतो. तुमच्या घरात असं काम केलेलं कुणी असेल, तर वस्तूच्या आधी त्यांना आमच्याशी बोलू द्या.