ठासणीची रायफल, महिना चौथा: लॉक एकदाचं बसलं

घरी घडवत असलेल्या या रायफलीची नळी दस्त्यात (लाकडी भागात) बसवून मागच्या वेळी थांबलो होतो. हा अख्खा महिना लॉकने, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेने, खाल्ला.

पद्धत जुनीच. लॉकच्या पाटीला मेणबत्तीची काजळी धरायची, पाटी खाचेत दाबायची, काढायची. जिथे काळं उमटलं तिथलं केसभर लाकूड पटाशीने खरवडायचं. पुन्हा काजळी. एका संध्याकाळी मोजलं, 63 वेळा झालं. त्यानंतर घाई केली आणि रंजकाच्या (पेटवणीच्या दारूच्या) पेल्यामागची लाकडाची खपली उडाली. पट्टेरी मेपल दिसतं झकास, पण रेषा सतत वरखाली वळतात. पटाशी जरा उलटी गेली की लाकूड उपटूनच येतं. खपली जमिनीवर सापडली, सरसाने चिकटवली. आता ती कुठे आहे ते फक्त मला दिसतं (आणि आता तुम्हीही शोधणार).

लॉक विकत आणलं म्हणून टोमणे मारणाऱ्यांसाठी: पेनसिल्व्हेनियातले जुने कारागीरही कित्येकदा युरोपातून आलेली लॉकच वापरत.

माझा नमुना पेनसिल्व्हेनियातला जर्मन बंदूक-कारागीर आंद्रेआस आल्ब्रेख्त याच्या वळणाचा. जन्म 1718, जर्मनीच्या थुरिंगियातल्या झेला गावचा. शेजारचं झूल म्हणजे बंदुकांची पेठच. 1750 मध्ये हा मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथीयांच्या, पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमला आला, पोरांना संगीत शिकवलं, नाझरेथजवळच्या ख्रिश्चन्स स्प्रिंगला बंदुका घडवल्या, आणि 1766 मध्ये चक्क सन इन ही खानावळ चालवायला घेतली! पुढे 1771 पासून पेनसिल्व्हेनियातल्याच लिटिट्झला. जर्मनीतली येगर (शिकारी) रायफल आखूड, नळी साधारण 30 इंच, गोळी जाड. पेनसिल्व्हेनियात नळी लांबत 42-44 इंचांवर गेली आणि गोळी बारीक झाली, म्हणजे शिसं कमी लागतं. पण त्या सुरुवातीच्या रायफलींचा दस्ता मागून जर्मनच, रुंद नि भरदार. म्हणून मीही मागचा भाग कानशीने फार उतरवलेला नाही.

रात्री गॅरेजचा दिवा मालवून घोडा सोडला. काहीच नाही. चकमकीचा दगड काढून उलटा, उताराची बाजू खाली करून चामड्यात पुन्हा आवळला. दुसऱ्या खेपेला ठिणग्यांचा झोत थेट पेल्यात.

आता नळीला कान (रंजकाची आग आत नेणारं भोक) पाडायचा, 1.6 मिमीचा, पेल्याच्या वरच्या काठाच्या रेषेत. ड्रिल उसनं आणून ठेवलंय, पण चहा कमी प्यायलेल्या दिवशीच हात लावीन.