न्यूट्रॉन मोजायला जाताय? आधी डिटेक्टर थंड आहे का ते स्वतः बघा

नेरूळहून सकाळी निघालो, लॅब ठाण्याच्या टोकाला, नाव घेत नाही. ॲल्युमिनियम आणि लोखंडाच्या चकत्यांवर १४ एमईव्हीचे (हे ऊर्जेचं एकक) न्यूट्रॉन मारायचे आणि त्याने किरणोत्सारी झालेल्या चकत्यांतून निघणारे गॅमा किरण मोजून क्रॉस सेक्शन, म्हणजे रिॲक्शन होण्याची शक्यता, काढायचं, एवढाच बेत. फोनवर तीनदा विचारलं होतं, डिटेक्टर थंड आहे ना? "हो हो, रेडी." पोचलो तर थंड करणारा द्रव नायट्रोजन संपलेला, डिटेक्टरमधलं जर्मेनियम खोलीइतकंच गरम. न्यूट्रॉन मारणाऱ्या मशीनचा स्लॉट ११ ते १, सोडला तर पुढच्या महिन्यात, म्हणून चकत्या लावल्या आणि मला पिटाळलं रबाळे एमआयडीसीत नायट्रोजन आणायला.

तिथे वेगळाच तमाशा. फोनवर लिटरचा भाव, दारात गेल्यावर "किमान पन्नास लिटर". आमचा कॅन ३० चा! उरलेले २० लिटर हवेचे पैसे दिले, वर डिपॉझिट. एसी कॅब करू नका, एक लिटरचा जवळपास ७०० लिटर गॅस होतो, बंद गाडीत गुदमराल. उघडा टेम्पो घ्या. आणि टेम्पो विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली अडकला की अडकलाच, दीड तास गेला. तेवढ्यात ॲल्युमिनियमपासून झालेलं मॅग्नेशियम-२७ संपलं पण, त्याचं हाफ लाइफ (निम्मं उरायला लागणारा वेळ) साडेनऊ मिनिटं.

नायट्रोजन ओतला म्हणून लगेच मोजता येत नाही, रात्रभर थंड होऊ द्यावं लागतं, घाईत व्होल्टेज दिलं तर डिटेक्टर जाईल. दुसऱ्या दिवशी ९ ला, म्हणजे मशीन थांबल्यावर २० तासांनी, लोखंडातून झालेलं मॅंगनीज-५६ अर्धा टक्काच राहिलेलं, त्याचं हाफ लाइफ अडीच तासांच्या थोडं वर. लोखंडाचा आकडा गेला, सरळ. वाचलं ते फक्त ॲल्युमिनियमपासून झालेलं सोडियम-२४, १५ तासवालं, चाळीस टक्के शिल्लक, स्क्रीनवर त्याच्या गॅमाचा १३६९ केईव्हीचा (हजार केईव्ही म्हणजे एक एमईव्ही) पीक, म्हणजे उंचवटा, उभा राहिला तेव्हा दोन दिवसांत पहिल्यांदा हसलो (तोवर तीन वडापाव झाले होते).

पुढच्यांनी ॲल्युमिनियम न्याच, सोडियम-२४ देणारी ही रिॲक्शन मॉनिटर म्हणून, म्हणजे किती न्यूट्रॉन पडले ते कळायला, चालते, तिचं क्रॉस सेक्शन १४ एमईव्हीला ०.१२ बार्नच्या (क्रॉस सेक्शनचं एकक) आसपास. पण लोखंडासोबत एकत्र मोजू नका, मॅग्नेशियमचा ८४४ आणि मॅंगनीजचा ८४७ केईव्हीचा पीक एकमेकांवर चढतात, सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरवर तर एकच ढेकूळ दिसतं. "चकत्या घेऊन या, इकडे मोजू" असं कोणी कॉलेजातून म्हणालं तर ऐकू नका, सेफ्टी ऑफिसरच्या सहीशिवाय गेटबाहेर काही निघत नाही, आणि ते बरोबरच आहे. नायट्रोजन आदल्या दिवशी स्वतः भरा. विटाव्याने जाऊ नका.

डिपॉझिट अजून आलेलं नाही.