मॅक्रोतून सेलमध्ये फॉर्म्युला भरताना

दर महिन्याला तेच काम हाताने करून जीव कंटाळला, तेव्हा मी मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून तेच काम आपोआप करून घेणारा छोटा प्रोग्रॅम, शिकायला घेतला. काम तसं साधं होतं. एक्सेलच्या शीटमध्ये मालाची नोंद: ए कॉलममध्ये तारीख, बीमध्ये वस्तू, सीमध्ये नग, डीमध्ये दर आणि ईमध्ये रक्कम. नवी नोंद आली की ई2 मध्ये फॉर्म्युला टाकायचा आणि शेवटच्या ओळीपर्यंत ओढत न्यायचा. मधल्या रिकाम्या ओळींत शून्य दिसू नये म्हणून फॉर्म्युला असा होता, सी2 रिकामा असेल तर काही दाखवू नको, नाहीतर गुणाकार कर:

=इफ(सी2="","",सी2*डी2)

हा हाताने टाइप केला की बिनबोभाट चालायचा. तोच मी उचलून कोडमध्ये ठेवला, दोन्ही टोकांना डबल कोट लावून:

रेंज("ई2").फॉर्म्युला = "=इफ(सी2="","",सी2*डी2)"

मॅक्रो रन केला. एरर आली नाही. ई2 मध्ये मात्र आकड्याऐवजी फॉल्स, म्हणजे ‘खोटं’, उमटलं. मी सी आणि डीमधले आकडे तपासले, फाइल बंद करून पुन्हा उघडली, पुन्हा रन केला. फॉल्सच. शेवटी सेलवर क्लिक करून वर फॉर्म्युला बारमध्ये पाहिलं आणि तिथे भलतंच काही होतं:

=इफ(सी2=",",सी2*डी2)

मी लिहिलेला फॉर्म्युला सेलपर्यंत पोचलाच नव्हता. व्हीबीएमध्ये, म्हणजे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात तिच्यात, कोटांच्या आत लागून दोन कोट आले की त्यांचा एकच कोट धरला जातो. त्यामुळे माझ्या दोन रिकाम्या कोटजोड्यांचं एकेक कोटात रूपांतर झालं आणि मधला कॉमा त्यांच्यात अडकला. आता एक्सेल विचारत होतं, सी2 मध्ये कॉमा आहे का? असेल तर गुणाकार कर. नसेल तर काय, हे सांगणारा तिसरा भागच उरला नव्हता, म्हणून उत्तर फॉल्स. एक्सेलच्या दृष्टीने हा फॉर्म्युला पूर्ण शुद्ध होता, त्यामुळे तक्रार करायचं त्याला काही कारणच नव्हतं.

उपाय म्हणजे आतला प्रत्येक कोट दुप्पट करायचा. रिकाम्या मजकुराचे दोन कोट कोडमध्ये चार होतात:

"=इफ(सी2="""","""",सी2*डी2)"

दिसायला हे विचित्र आहे आणि मोजताना डोळे फिरतात. काही जण कोटाच्या जागी सीएचआर(34) जोडतात, म्हणजे कोटाचं चिन्ह त्याच्या क्रमांकाने मागवतात. मला ते आणखी अवघड वाटतं, पण ज्याला जे नीट वाचता येईल ते त्याने वापरावं.

त्या दिवसापासून मी फॉर्म्युला थेट सेलमध्ये टाकत नाही. आधी तो एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडमधल्या नाव दिलेल्या जागेत, घेते, डीबग.प्रिंट या आज्ञेने छापते आणि कोडच्या खिडकीत कंट्रोल+जी दाबून उघडणाऱ्या इमिजिएट विंडोत वाचते. तिथे दिसतो तोच मजकूर सेलमध्ये जाणार असतो. शंका असेल तर तिथून कॉपी करून एखाद्या मोकळ्या सेलमध्ये पेस्ट करते. बाकी सगळं विसरलं तरी चालेल, पण ही सवय मी कुणालाही आधी लावून घ्यायला सांगेन.

एका सेलचं जमल्यावर सगळ्या ओळींसाठी लूप, म्हणजे तेच काम ओळीमागून ओळ करत जाणारा कोड, लिहिला. "=सी" ला ओळीचा आकडा जोडायचा, मग "*डी", मग पुन्हा आकडा. इफ आणि चार-चार कोटांसकट हे जोडकाम म्हणजे नुसता गुंता. आकडा धरणारं व्हेरिएबल मी इंटिजर या लहान पूर्णांकांच्या प्रकाराचं ठेवलं होतं. नोंदी वाढत गेल्या आणि एके दिवशी ओव्हरफ्लोची एरर येऊन मॅक्रो थांबला, कारण इंटिजर 32,767 च्या पुढे जात नाही. लाँग हा मोठ्या आकड्यांचा प्रकार केल्यावर ते मिटलं. वेळ मात्र फार लागायचा, कारण प्रत्येक सेल लिहिला की एक्सेल पुन्हा हिशोब करत होतं.

मग कळलं की लूपची गरजच नव्हती. ई2 पासून शेवटच्या ओळीपर्यंतची पूर्ण रेंज, म्हणजे सेलचा सलग पट्टा, घ्यायची आणि तिला एकदाच दुसऱ्या ओळीचा फॉर्म्युला द्यायचा. खालच्या ओळींत सी3, सी4 असे बदल एक्सेल स्वतःच करतं, हाताने ओढल्यावर करतं तसेच. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा फार आनंद झाला होता. वीस ओळींचा लूप एका ओळीत आला आणि काम डोळ्यासमोर पटकन उरकलं.

फक्त एक जपावं लागतं. फॉर्म्युला रेंजच्या पहिल्या सेलसाठी आहे असं धरलं जातं. मी एकदा शीर्षकासाठी वर तीन ओळी वाढवल्या, रेंज ई5 पासून केली आणि फॉर्म्युल्यात सी2 तसाच राहिला. प्रत्येक रक्कम तीन ओळी वरच्या नगाची आणि दराची आली. तेव्हा मी .फॉर्म्युलाच्या जागी फॉर्म्युलाआर1सी1 कडे वळले. त्यात पत्ता अंतराने सांगतात: =आरसी[-2]*आरसी[-1], म्हणजे याच ओळीतला दोन घरं डावीकडचा सेल गुणिले एक घर डावीकडचा. रेंज कुठूनही सुरू होवो, हा मजकूर बदलत नाही. सुरुवातीला वाचायला परका वाटतो, पण आठवडाभरात हात बसतो.

मॅक्रो मध्येच थांबवणारी एरर 1004 माझ्या वाट्याला आली ती एका सहकाऱ्यामुळे. त्याने पाठवलेल्या फॉर्म्युल्यात कॉमाच्या जागी सेमीकोलन होते, कारण त्याच्या कॉम्प्युटरच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये तसंच चालतं. त्याच्याकडे हाताने टाइप केलेला तो फॉर्म्युला ठीक चालत होता. पण कोडमधली .फॉर्म्युला ही प्रॉपर्टी (सेलचा गुणधर्म) सेटिंग काहीही असलं तरी कॉमा आणि इंग्रजी फंक्शननावंच मागते. स्थानिक पद्धतीने द्यायचं तर फॉर्म्युलालोकल आहे, मात्र तो कोड दुसऱ्या सेटिंगच्या कॉम्प्युटरवर अडतो. दोघांच्या फाइलसाठी मी कॉमाच ठेवले. सहकारी फॉर्म्युला उघडतो तेव्हा त्याला आपोआप सेमीकोलन दिसतात.

टेक्स्ट फॉरमॅटचा प्रकार लवकर सुटला. कॉलम आधीच टेक्स्ट केलेला असेल तर फॉर्म्युला अक्षरांसारखा नुसता पडून राहतो. आधी नंबरफॉर्मॅट जनरल करायचा, मग फॉर्म्युला द्यायचा. नव्या एक्सेलमध्ये युनिकसारखं (यादीतल्या वेगवेगळ्या नोंदी काढणारं) अनेक उत्तरं देणारं फंक्शन असेल तर कोडमध्ये .फॉर्म्युलाऐवजी फॉर्म्युला2 वापरावं. नाहीतर फॉर्म्युल्यात @ येतो आणि एकच उत्तर दिसतं.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. एका महिन्यात काही रकमा मी ई कॉलममध्ये हाताने दुरुस्त केल्या होत्या. मॅक्रो रन केला आणि त्या सगळ्यांवर फॉर्म्युला बसला. कंट्रोल+झेड दाबलं, काही झालं नाही. मॅक्रोने शीटमध्ये बदल केला की अनडूची यादी पुसली जाते, हे मला माहीत नव्हतं. त्यावर फाइल सेव्हही करून बसले होते. त्या रकमा कागदावरून पुन्हा शोधायला अख्खी दुपार गेली. आता हाताच्या दुरुस्त्या एफ या वेगळ्या कॉलममध्ये असतात आणि मॅक्रोची पहिली ओळ फाइलची प्रत ठेवते.

शेवटची ओळ तपासणीची आहे. एरर असलेले सेल शोधणं पुरेसं नाही, कारण ते फॉल्स एरर नव्हतंच, आणि तीन ओळी सरकलेल्या रकमाही दिसायला अगदी बरोबर होत्या. म्हणून मॅक्रो ई कॉलमची बेरीज घेतो, सी आणि डीचा समप्रॉडक्ट (ओळीओळीच्या गुणाकारांची बेरीज) स्वतंत्रपणे काढतो आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवतो. फॉल्स असताना पहिला आकडा शून्य आला असता. पैशापर्यंत दोन्ही जुळले तरच फाइल पुढे जाते.