'घाबरट' हा शिक्का आणि घोड्यांसोबतची थेरपी, माझा अनुभव

घरात, शाळेत, नंतर ऑफिसमध्ये पण माझी ओळख एकच, घाबरट. "तिला नको सांगू, तिला जमायचं नाही" हे माझ्यासमोरच बोललं जायचं आणि मलाही ते पटलेलं होतं. चारचौघांत बोलायची वेळ आली की घसा कोरडा, हात थरथरायला लागायचे. समुपदेशक ताईंनी घोड्यांची थेरपी सुचवली तेव्हा मला वाटलं घोड्यावर बसवणार, पण आमचं सगळं काम जमिनीवरूनच होतं, खरारा करायचा, खूर साफ करायचे, दोर धरून चालवायचं. ताई आणि घोड्यांचे जाणकार ट्रेनर काका दोघंही कायम सोबत.

चार-पाचशे किलोचं जनावर समोर बघून पोटात गोळाच आला. काकांनी सांगितलं, घोड्याला अगदी नाकासमोरचं आणि थेट मागचं दिसत नाही, म्हणून आवाज देत बाजूने खांद्याकडे जायचं. आणि घोडा मुळात शिकार होणारा प्राणी, सावध राहून, दचकून, पळूनच तो आजवर टिकलाय. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं ना, एवढं ताकदवान जनावर बुजतं आणि त्यासाठी त्याला कोणी नावं ठेवत नाही!

माझ्याकडे एक तपकिरी घोडी होती. दोर हातात घेऊन "चल" म्हटलं तर ती जागची हलेना, मी ओढलं तर मान अजून ताठ. झालं, डोक्यात तेच सुरू, बघ, नाहीच जमत तुला. ताईंनी एवढंच विचारलं, आत्ता श्वास कसा चाललाय? श्वास अडकलेला, खांदे कानाला टेकलेले, नजर जमिनीवर. मी दोर ढिला केला, श्वास सोडला, जायचंय तिकडे बघितलं आणि पाऊल टाकलं. तिचा एक कान माझ्याकडे वळला, ती फुरफुरली आणि माझ्या बरोबरीने चालायला लागली. मी अक्षरशः रडले. माझ्याबद्दल तिला आधी कोणी काही सांगून ठेवलेलं नव्हतं, म्हणून तर.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांच्याबद्दल पण मला तिथेच कळलं. पोलिओमुळे गुडघ्याखाली पाय लुळे, घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागायची, तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवलं. त्यांच्यामुळे या उपचारांकडे जगाचं लक्ष गेलं.

आता मीटिंगच्या आधी मी खांदे खाली सोडते, श्वास सोडते आणि बोलते. आवाज कापतो कधी कधी, पण वाक्य पूर्ण करते. "मी आहेच घाबरट" हे वाक्य मात्र बोलणं बंद केलंय, दुसरं कोणी बोललं तर तिथल्या तिथे थांबवते.

कोणाला जायचं असेल तर आधी विचारून घ्या की सोबत प्रशिक्षित समुपदेशक असतो का, कारण नुसती रपेट म्हणजे थेरपी नाही. पुढून बंद असलेले मजबूत बूट घाला, केसांची किंवा गवताची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा आणि चालू असलेली औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.